वाटा लिवा

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी, एका मंगळवारी सकाळी, बोथच्या बाजूच्या एका गावात तलावाच्या पाण्याचा कागद सह्यांसाठी आला. पाटाच्या शेवटच्या टोकाला सात कुटुंबांचे भाजीचे मळे आहेत. सहा कुटुंबांनी सही केली. सातवी सही एका बाईची होती. तिने ती केली नाही. सातही सह्या झाल्याशिवाय टोकाकडे पाणी सोडायचे नाही, असे तलावाच्या समितीने ठरवले होते.

तिला तुम्ही पाहिलेही असेल. इचोड्याच्या आठवडी बाजारात, ट्रकवाले जेवायला थांबतात त्या बाजूला ती बसायची. काटा ठेवत नसे. मिरच्या, लिंबं, वांगी यांचे पोत्यावर सारखे ढीग मांडायची. त्या ढिगाला आपल्याकडे वाटा म्हणतात. वाटे लावताना ती कोणाशी बोलत नसे. एका ढिगातली मिरची दुसऱ्यात टाकायची, मान तिरपी करून बघायची, पुन्हा उचलून जागेवर ठेवायची.

एकदा एका ड्रायव्हरने आपला वाटा घेतल्यावर शेजारच्या वाट्यातल्या दोन मिरच्या पिशवीत टाकल्या. तिने त्याचे मनगट धरले.

"ऊपर से माँग, देती मैं. दूसरे के वाटे को हात नक्को लगा."

"दो मिरची के लिए, अम्मा?"

तिने त्या दोन मिरच्या काढून जागेवर ठेवल्या. मग मागच्या टोपलीतून मूठभर मिरच्या त्याच्या पिशवीत टाकल्या.

पाण्याचा कागद, आमच्या भागातले सगळे सरकारी कागद असतात तसा, तेलुगूत होता. तिला स्वतःचे नाव मराठीत लिहिता येई. तेलुगू वाचता येत नव्हते, ऐकून मात्र सगळे कळे. शाळेच्या ओसरीवर मंडल कार्यालयातला, म्हणजे आमच्याकडच्या तहसीलातला, कारकून खुर्चीवर बसला होता, बाकी सगळे खाली सतरंजीवर. मी बातमीसाठी गेलो होतो. कारकुनाला आमची मराठी समजे. बोलताना तो हिंदीवर येई.

"वाचा साहेब," ती म्हणाली. त्याने वाचले.

"आता हळू वाचा."

त्याने हळू वाचले. दर चौथ्या दिवशी टोकाच्या मळ्यांना पाणी, वरच्या शेतकऱ्यांकडून 'सहायम्'.

"सहायम् म्हंजे मदतच ना?"

"हां अम्मा."

"कोनाची मदत? चवथा दिवस आमचाच हाय. माह्या सासऱ्याच्या आंधीपासून हाय. तिथं वाटा लिवा."

समितीचा अध्यक्ष तिच्या नात्यातला, लांबचा पुतण्या. त्याची शेती पाटाच्या तोंडाशी आहे. तो म्हणाला, "काकू, पानी तेवढंच भेटनार हाय. शब्दात काय हाय?"

"काईच नाई, त बदलाले काऊन जड जाऊन राह्यलं?"

लोक हसले. पुतण्या हसला नाही. फारम वरूनच असा येतो, असे कारकून म्हणाला. ती उठली, चप्पल घातली आणि मळ्याकडे गेली.

पाचव्या दिवसापासून शेजारी तिच्या दारात येऊ लागले. मेथी गेली होती. कोथिंबीर पिवळी पडली होती. एक शेजारीण आत न येता उंबऱ्यातूनच ओरडली, "काय वं जाऊबाई, तुह्या वाट्याले भाकरीसंग खाऊ का आमी?"

"माह्ये वांगे सुकून राह्यले, ते दिसत नाई तुले?" ती म्हणाली. "मदत अवंदा देतीन. पुढल्या साली म्हनतीन, यंदा जमत नाई. मंग काय करशीन? मदतीसाठी भांडता येते का कोनाशी?"

शेजारीण निघून गेली. दोन दिवस आपण बोलणे टाकले होते, असे नंतर त्या शेजारणीनेच मला सांगितले.

चूक माझ्याकडूनही झाली. माझ्या बातमीचा मथळा होता, 'टोकाच्या मळ्यांना पाण्याची मदत रखडली'. पुढच्या बाजारी तिने पोत्याखालून तो पेपर काढला.

"पेपरवाले भाऊ, तूबी मदतच लिवली?"

समितीच्या कागदात तोच शब्द आहे, असे मी सांगितले.

"मंग समितीच्या घरीच नोकरी कर ना."

दुसऱ्या दिवशीच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापली. ती तिने कोणाकडून तरी वाचून घेतली, पण त्याबद्दल कधी काही बोलली नाही.

अकराव्या दिवशी पुन्हा बैठक झाली. या वेळी तिने कागद मागितलाच नाही. कारकुनाला विचारले, "साहेब, तुमी किती भाऊ?"

"दो."

"बापाच्या जमिनीतून तुमाले जो तुकडा भेटला, त्याले तेलुगूत काय म्हनतेत?"

"वाटा," कारकून म्हणाला.

"आन् पान्याचा असला त?"

"नीटि वाटा."

"म्हंजे तुमच्यातबी वाटा, आमच्यातबी वाटा. का भावानं तुमाले ते जमीन मदत म्हनून देली?"

कारकुनाने पेन काढले आणि अध्यक्षाकडे पाहिले.

"लिवा," अध्यक्ष म्हणाला.

कारकुनाने 'सहायम्' खोडून वर तेलुगूत 'वाटा' लिहिले. तिने कागद उलटा धरून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि पुतण्यापुढे सरकवला.

"खोडलं तिथं तुही सही पयले. मंग माही."

"काकू, भरोसा नाई का माह्यावर?"

"हाय ना. म्हनूनच त म्हनतो, तू पयले कर."

त्याने सही केली. मग तिने केली. त्याच दुपारी टोकाकडे पाणी सुटले.

तिची वांगी गेली होती. झाडे उपटून तिने बकऱ्यांना घातली. त्या हंगामात बाजारात तिच्या पोत्यावर फक्त मिरच्या आणि लिंबं होती. शेजारणीची थोडी वांगी वाचली होती; वांगी विचारणाऱ्यांना ती तिच्याकडे पाठवायची.

दिवाळीनंतर ती तापाने वारली. मळा आता सून करते.

तो कागद एका हंगामापुरता होता. यंदाचा कागद गेल्या महिन्यात गावात आला. त्यात पुन्हा 'सहायम्' छापलेले आहे. सात कुटुंबांपैकी एकानेही सही केलेली नाही. हे लिहीपर्यंत कागद मंडल कार्यालयात परत गेलेला आहे.