मावशींचं पुढचं वाक्य

“थांब. माझं संपलं नाय.” उजव्या हाताचा पंजा समोरच्याच्या तोंडापुढे धरून मावशी हे म्हणायच्या. पाण्याच्या रांगेत, रेशनच्या दुकानात, नात्यातल्या लग्नात माइक ओढून घेणाऱ्याला. तुमच्याही चाळीत अशी एखादी बाई असेल. तिचं वाक्य तोडायची हिंमत कोणी करत नाही.

मी जुन्या लाकडाचा धंदा करतो. चाळ पाडायला काढली की दारं, खिडक्या, कठडे विकत घेतो. हातगाडीपासून सुरुवात केली, आज लालबागला गोडाऊन आहे. भावात मला हरवणारे फार भेटले नाहीत. मावशींच्या दाराला मात्र अख्खी सकाळ गेली.

“बर्मा टीक आहे हे.”

“मावशी, खालून वाळवीने खाल्लंय.”

“खालच्या वितीत खाल्लंय. वरचं काय उष्टं केलंय तिने? बिजागरी बघ, दर रविवारी खोबरेल घालते. थांब, माझं संपलं नाय.”

दार मी माझ्याच भावात नेलं. पण त्यांचं कपाट माझ्या टेम्पोतून अँटॉप हिलला, बिल्डरने दिलेल्या तात्पुरत्या खोलीत पोचवलं आणि भाडं घेतलं नाही. हे ध्यानात ठेवा, कारण दुसऱ्या कोणीच ठेवलं नाही.

पुढे माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी घरात अडकलो. धंद्याच्या नादात आयुष्यात एक मालिका धड पाहिली नव्हती. मुलीने टीव्हीवर ॲप टाकून दिलं. मग काय, खुनाच्या मालिका झाल्या, राजवाड्यांच्या झाल्या, समुद्राच्या तळातले मासेही पाहून झाले. एका दुपारी चाळींवरचा माहितीपट लावला, आणि पडद्यावर मावशी! ठेवणीतली साडी नेसून, रिकाम्या चौकटीपुढे बसलेल्या.

मी बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, नेमकी तेव्हा मावशी म्हणाल्या, “आमचं दार त्या लाकूडवाल्याने फुकटात नेलं. लुटलं आम्हाला.” की लगेच कबुतरं. आभाळात कबुतरं उडतायत आणि मागे सतार वाजतेय.

माझं डोकं फिरलं. नाव घेतलं नव्हतं, पण त्या चाळीचा लाकूडवाला कोण, हे अख्ख्या लालबागला ठाऊक. आठवड्याभरात माझं नाव ‘फुकटवाले’ पडलं. गिऱ्हाईक गोडाऊनमध्ये येऊन दात काढायचं. “शेठ, फुकटात आणलंय ना? मग आम्हाला कशाला एवढा भाव?” तीस वर्षं शब्दावर धंदा केला, तो या मावशींच्या दोन वाक्यांनी मातीत घातला. काठी टेकत टॅक्सीत बसलो आणि भांडायला अँटॉप हिलला गेलो.

“आलास? बस. पाय कसाय?”

“पाय गेला खड्ड्यात! तुम्ही माझ्याबद्दल काय बोललात टीव्हीवर?”

“बरंच बोलले. टीव्हीवर कधी लागलं? मला कोणी दाखवलंच नाय.”

त्यांच्याकडे ॲप नव्हतं. मोबाइलवर दाखवलं तर त्यांना दिसेना. शेवटी त्याच टॅक्सीने त्यांना घरी आणलं. मावशी टीव्हीपुढे खुर्ची ओढून बसल्या. “साडी बरी दिसतेय,” म्हणाल्या. मग ते वाक्य आलं आणि कबुतरं उडाली. मावशींनी टीव्हीला पंजा दाखवला.

“ए, थांब! माझं संपलं नाय!”

कबुतरं थांबली नाहीत.

“मागे घे,” त्या मला म्हणाल्या. मी मागे घेतलं. “परत घे. हे बघ, मी हात वर करतेय. पुढचं कुठंय? कुणी खाल्लं?”

“पुढचं होतं काय?”

“म्हटलं, पण त्याने सकाळभर माझ्याशी भाव तरी केला. माझ्या दाराला काय किंमत आहे, यावर भांडला. बिल्डरच्या माणसाने कागद पुढे केला, बोट दाखवलं, सही कर म्हणाला. घासाघीस करायला तो आमच्यापुढे उभासुद्धा राहिला नाय.”

 मला राहवेना. “म्हणजे मी लुटलं, हे आहेच?”

“आहेच! फुकटात नेलंस ना?”

“वाळवी होती, मावशी!”

“खालच्या वितीत!”

मावशींकडून नंबर घेऊन माहितीपटवाल्याला लगेच फोन लावला. तो म्हणाला, “काका, फिल्मची लय तुटत होती. आणि तिथे ते वाक्य फार पॉवरफुल वाटतं.” अर्धं वाक्य पॉवरफुल! मी शिव्या घालणार, तोच मावशींनी फोन ओढला. “बाळा, ऐक, माझं...” त्याने फोन ठेवला. मावशी बराच वेळ मोबाइल कानाला धरून बसल्या होत्या. 

त्या तात्पुरत्या खोलीतच मावशी गेल्या. चाळीच्या जागी अजून पत्र्याचं कुंपण आहे आणि आत खड्डा. बिल्डरने कुंपणावर उंच इमारतीचं चित्र लावलंय. त्यात बाल्कनीत हसणारं कुटुंब आहे. त्यातलं कोणीही आमच्या ओळखीचं नाही.

गिऱ्हाईक अजून मला फुकटवाले म्हणतं. पूर्वी मी मावशींचं पुढचं वाक्यही ऐकवायचो. आता भाव वाढवतो.

घरी कधी तो माहितीपट लावतो. मावशी बोलतात, तोंड पुढच्या शब्दासाठी उघडं राहतं, उजवा हात मांडीवरून अर्धा वर येतो. तिथे मी रिमोट दाबतो. बायको म्हणते, “अहो, लावा पुढे.”

नाही लावत. पुढे नुसती कबुतरं आहेत.