वाहवा नंतर

दाऊदसर गेल्याची बातमी मोबाइलवर आली, तेव्हा मला ती खोटीच वाटली. कारण त्यांच्या फोटोखालचा शेर त्यांचा नव्हता! कुठलंतरी गुळगुळीत फिरतं काव्य कुणीतरी त्यांच्या नावावर चिकटवलं होतं. मी बिरवाडीला सरांच्या घरी फोन लावला. "खरं हाय, भाऊ," त्यांच्या पत्नी, भाभी, म्हणाल्या, "सकाळीच गेले..."

महाडच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारा आणि उर्दूत कविता लिहिणारा हा माणूस गावाला फक्त शेर ऐकवण्यापुरता हवा असायचा. लग्न असो, निरोप समारंभ असो, "सर, एखादा शेर होऊन जाऊ दे!" त्यांच्या कवितेत देवाला प्रश्न असायचे आणि देवाच्या नावावर लोकांना गप्प बसवणाऱ्यांनाही, ते मात्र कुणाला नको होतं. स्वतःच्या जमातीतलेही नाराज, बाकीचेही. एकदा पोलादपूरच्या कार्यक्रमात समोरून 'वाहवा' आली आणि सर मध्येच थांबले. "वाहवा नंतर. पटलं का, ते सांगा." पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. मला उर्दू वाचता येत नव्हतं. आंबेनळी घाटातून जाणाऱ्या एसटीत ते मला मराठीत अर्थ सांगायचे आणि मी नुसती मान डोलावली की भडकायचे. "भांड रे माझ्याशी! मान काय हलवतोस?"

शोकसभेला मात्र ही गर्दी! जो तो उर्दूच्या गोडव्यावर बोलत होता. वाचनालयाचे चिटणीस तर माइकवर रडले. सभा संपल्यावर मी त्यांना म्हटलं, सरांचा एकुलता एक कवितासंग्रह वाचनालयात ठेवा. डोळे पुसत ते म्हणाले, "ठेवला असता हो. पण उर्दू वाचणार कोण हाय इथं? उगाच जागा अडवायची."

माझं डोकंच फिरलं. "मग तुम्ही रडलात कुणासाठी?" मी सगळ्यांसमोर ओरडलो. तेवढ्यात चहा आला आणि लोक चहाकडे वळले. लाज वाटायला हवी होती, पण ती कुणालाच वाटली नाही.

त्या रागातच मी भाभींकडे उर्दू शिकायला जाऊ लागलो. साठी उलटल्यावर अक्षरं गिरवतोय. सरांच्या खोलीत पुस्तकं अजून तशीच आहेत, खिडकीपर्यंत रचलेली. गेल्या रविवारी त्यांची एक छोटी कविता मी पहिल्यांदा स्वतः वाचली, अडखळत... आणि मला ती मुळीच पटली नाही. माणूस एकट्यानंच विचार करू शकतो, असं म्हणत होते सर.

"हे चूक आहे," मी म्हणालो.

भाभींनी हातातली सुपारी खाली ठेवली आणि पदर खोचला. "चूक? कशी चूक? सांगा बघू."

आम्ही दुपारपर्यंत भांडत होतो.