कॅसेटची एक बाजू
घरची शेती नव्हती. आई आणि मी लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणीला, रोपं लावायला जायचो. बांधीच्या कडेला धुऱ्यावर टेप वाजायचा. बायांचा नियम होता, गाणं पुढे पळवायचं नाही आणि कॅसेटची बाजू संपल्याशिवाय कोणी बांधीबाहेर निघायचं नाही. त्या दिवशी कॉलेजात प्रवेशाची शेवटची तारीख होती. गडचिरोलीची बस यायची वेळ झाली, तरी बाजू संपेना. चिखलात माझा पाय ठरत नव्हता. शेवटी आईनंच चिखलाच्या हातानं बटन दाबून कॅसेट शेवटाला नेली. “संपली बाजू. जाय, पोरी!” “चार गाणे खाल्ले ना वो बाई!” बाया ओरडल्या. “मंग म्हना तोंडानं!” आई म्हणाली. मी धावत सुटले. मागून बायांच्या तोंडून राहिलेली गाणी कॅसेटच्याच क्रमानं ऐकू येत होती. आता फोनवर मी गाणं अर्ध्यातच उडवते, पण तो क्रम अजून पाठ आहे. बस मिळाली, प्रवेश झाला, आणि आमच्या घरातली पहिली बी.ए. मी झाले.