गाड्यांचा आवाज बसवणाऱ्याची आई

बोलता बोलता अक्का एकदम तर्जनी वर करायच्या. "थांब, ऐक." समोरचा माणूस वाक्याच्या मध्येच अडकायचा. कोपऱ्यावरून एखादी गाडी वळलेली असायची. ती दूर जाईपर्यंत बोट तसंच वर. मग बोट खाली यायचं आणि निकाल लागायचा. "तीन सिलिंडर. आणि सायलेन्सर सडेल शे."

निम्म्या वेळा निकाल चुकायचा. एकदा त्यांनी गंभीर चेहऱ्याने "चार सिलिंडर, डिझेल, जुनी गाडी" असं सांगितलं आणि ते निघालं मागच्या मंगल कार्यालयाचं जनरेटर. अक्कांना त्याचं काही वाटलं नाही. "जनरेटर तर जनरेटर. पण सिलिंडर चारच असतील बघ," म्हणाल्या.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. एकाच विषयाचं वेड, आणि तो विषय त्याच्या वयाला, घराला, कशालाच न शोभणारा. आमच्या अक्का जळगावच्या एका शाळेत शिवण शिकवायच्या. मी त्याच शाळेत भूगोल शिकवायचे, आणि आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती. अक्कांचं माहेर-सासर दोन्ही साक्रीकडचं. शाळेत त्या पुस्तकी मराठी बोलायच्या. पण राग आला, आनंद झाला किंवा गाडी आली, की तिकडची अहिराणी बोली सुटायची.

हे वेड मुलामुळे आलेलं. सुहास त्यांचा एकुलता एक. वडील लवकर गेले, अक्कांनीच वाढवला. तो जर्मनीला एका मोठ्या कंपनीत होता. ती कंपनी स्पोर्ट्स कार करायची. "काय करतो मुलगा?" असं कोणी विचारलं, की अक्का सांगायच्या, "गाड्यांचा आवाज बसवतो." दूधवाल्याला वाटलं, हॉर्नचं दुकान आहे. शाळेतल्या हेडसरांची बरीच वर्षं समजूत होती, की तो गाड्यांमध्ये टेप बसवतो.

अक्का कोणालाही उडवून लावत नसत. ओट्यावर बसवून समजावून सांगायच्या. "हे बघ, आठ सिलिंडर म्हणजे आठ बाया मिरची कांडताहेत. दोन उखळं. इकडे चार, तिकडे चार. एकदा इकडे, एकदा तिकडे, असं पाळीने मुसळ पडलं, तर सरळ आवाज निघतो, उंच. पण मध्येच एका उखळात लागोपाठ दोन पडली, तर? गुरगुर होते. धड-धड, ध-धड." हे सांगताना त्या दोन्ही हातांनी ओटा बडवायच्या. "कोणाचा हात केव्हा उचलायचा, ते आतला वाकडा दांडा ठरवतो. क्रँक म्हणतात त्याला. सुहास म्हणतो, अर्धा आवाज तिथंच ठरून जातो."

उरलेला अर्धा नळ्यांमध्ये. त्यासाठी फुंकणी यायची. लांब फुंकणीचा आवाज जाड, आखूड फुंकणीचा बारीक. आणि सायलेन्सर म्हणजे खोल्यांचं घर. आवाज पुढच्या दारातून शिरतो, या खोलीतून त्या खोलीत फिरतो आणि मागच्या दारातून दमून बाहेर पडतो. "साध्या गाडीत त्याला पार दमवतात. आमचा सुहास त्याला बेतानं दमवतो," असं त्या म्हणायच्या. 'बेतानं' म्हणताना चेहऱ्यावर जो भाव असायचा, तो मी त्यांच्या तोंडावर दुसऱ्या कशानेही आलेला पाहिला नाही.

दर रविवारी सुहासचा फोन यायचा. मधल्या दिवसांत तो आवाज पाठवायचा, फोनवर रेकॉर्ड केलेले. तिकडे म्हणे एक खोली होती, भिंतींना सगळीकडून स्पंज लावलेली. तिच्यात गाडी उभी करून ती जागच्या जागी पळवायची आणि ऐकायचं. संध्याकाळी अक्का ते रेकॉर्डिंग आम्हाला लावून दाखवायच्या. आम्ही तीन-चार जणी वाटाण्याच्या शेंगा सोलत बसलेल्या, आणि मध्ये फोनमधून एक गाडी जिवाच्या आकांताने ओरडतेय. "मागच्यापेक्षा गोड शे ना?" अक्का विचारायच्या. आम्ही हो म्हणायचो. खरं सांगते, मला कधीच फरक कळला नाही.

मग रेकॉर्डिंग यायचं थांबलं.

अक्कांनी आधी स्वतःच समजूत घातली. कामात असेल. नंतर विचारलं, तर तो म्हणाला, "आता तसं काही नसतं, आई." रविवारचा फोन आखडत गेला. तब्येत, हवा, जेवण, संपलं. अक्का माझ्याकडे येऊन बसायच्या आणि मला विचारायच्या, "कामाचं काहीच कसं बोलत नाही वं?" मी म्हणायचे, माणूस मोठा होतो, जबाबदारी वाढते. मला काय माहीत होतं?

एका दुपारी रिक्षातून सुहासच उतरला. आधी कळवलं नव्हतं. दाढी वाढलेली, हातात एकच बॅग. अक्कांनी त्याला दारातच धरलं. "किती दिवस आहेस?" तो म्हणाला, "बघू."

पुढचे काही दिवस तो झोपून होता. प्रवासाचा शीण असेल, आम्ही म्हटलं. शीण जाईना. तो उठायचा, आंघोळ करायचा, पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवायला बोलावलं तर यायचा, ताटाकडे बघत बसायचा. अक्कांनी कळण्याची भाकरी केली, वांग्याचं भरीत केलं, शेवभाजी केली. घास मोडायचा आणि तसाच ठेवून द्यायचा.

एकदा मी तिथे असतानाच अक्कांनी विचारलं, "तुला काढलं का रे त्यांनी?"

"मला एकट्याला नाही, आई. ती आवाजाची खोलीच बंद केली."

हळूहळू, तुकड्या-तुकड्यांनी कळलं ते असं. तिकडे आवाजाचे नियम कडक होत गेले. मग धुराच्या नळीत जाळ्या आल्या, त्यांनी निम्मा आवाज खाल्ला. मग गाड्याच विजेवर गेल्या. सुहासला सांगितलं, आता कॉम्प्युटरवर आवाज तयार कर, आपण तो स्पीकरमधून सोडू. वर्षभर त्याने तेही केलं. पुढे ते काम दुसऱ्याच लोकांकडे गेलं. तो घरी बसला, पण आईला सांगितलं नाही. दर रविवारी तिला हवापाण्याचं सांगत राहिला.

"मग दुसरी नोकरी बघू," अक्का म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

तो उठून पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला. काम गेल्याचं दुःख एवढंच असतं, तर त्याला उपाय होता. हे त्याहून वेगळं काहीतरी होतं, आणि आम्हाला दोघींनाही त्याचं नाव माहीत नव्हतं.

अक्कांनी त्यांच्या परीने उपाय शोधला. त्यांची एक विद्यार्थिनी धुळ्याला दिलेली होती, मारवाड्याचं घर, कापडाचा मोठा व्यवसाय. तिच्या नवऱ्याने मुंबईहून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली होती. आठ सिलिंडरची, लाल. अक्कांनी फोन करून सगळं ठरवलं आणि मला म्हणाल्या, "तुझ्या गाडीने जाऊ. त्याला एकदा तो आवाज ऐकू दे. येईल ठिकाणावर." त्यांचा एवढा विश्वास होता, की मला नाही म्हणवेना.

रविवारी सकाळी निघालो. सुहास मागे डोळे मिटून बसलेला. पारोळा गेलं, तरी एक शब्द नाही. अक्का मधूनमधून वळून बघायच्या आणि पुन्हा पुढे बघायच्या.

धुळ्यात त्यांनी आमचं फार अगत्याने केलं. "बाई, आधी चहा," असं म्हणत विद्यार्थिनी अक्कांच्या पाया पडली. तिच्या नवऱ्याने अंगणात गाडी काढली, सुरू केली आणि पाय दाबला. समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. शेजारची म्हातारी बाहेर येऊन बघायला लागली.

सुहासने मान वर केली. उठला, गाडीच्या मागे गेला आणि नळ्यांपाशी उकिडवा बसला.

"मागचा भाग बदललाय ना हा?"

"हो भाऊ," तो कापडवाला हसला. "मुंबईलाच बदलला. आवाज जरा मोठा यावा म्हणून."

"मोठा झालाय. पण बिघडलाय." आणि सुहास बोलायला लागला. प्रत्येक सिलिंडरची नळी मोजूनमापून वळवलेली असते, म्हणजे आठही ठोके एका जागी येतात ते एकामागून एक, रांगेत. ते भेटतात तिथे सूर बनतो. पुढे एक छोटी झडप असते. हळू चालवताना ती मिटलेली, पाय दाबला की उघडते. म्हणून गावात गाडी शांत असते आणि मोकळ्या रस्त्यावर गाते. "ती झडप यांनी काढून फेकली. पुढे रुंद नळी लावली. आता सगळे ठोके एकदम दारात गर्दी करतात." तो हातांनी दाखवत होता, मध्येच तोंडाने आवाज काढत होता. कापडवाला मन लावून ऐकत होता. म्हणाला, "जुना भाग मागवता येईल का, भाऊ?" सुहास म्हणाला, "येईल. मी सांगतो कुठला घ्यायचा."

अक्का ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरला होता आणि तो चांगलाच दुखत होता.

परतताना तो गप्प होता, पण आम्हाला ते दमणं वाटलं. अक्कांनी घरी पोचताच गोडाचा शिरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात आल्या. केस विंचरलेले नव्हते. "काल बोलला ना गं तो? तू होतीस ना? तू ऐकलंस ना?"

"ऐकलं ना, अक्का. चांगला बोलला."

"मग आज काय झालं? उठतच नाही. मी हाक मारली तर म्हणतो, आई, काल मी तुझ्यासाठी बोललो." त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मन्हासाठी बोलला म्हणे."

मी पाणी आणून दिलं. दुसरं काय देणार?

मग डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, वेळ लागेल, आई, तुम्ही फक्त जवळ राहा. अक्कांनी विचारलं, "जवळ म्हणजे कसं? बोलू का गप बसू?" डॉक्टर म्हणाले, "दोन्ही." बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "शिवणात बरं असतं गं. चुकलं तर उसवता येतं." त्यानंतर रस्त्यावरून गाडी गेली, तरी त्या ऐकेनाशा झाल्या. मी एकदा मुद्दाम विचारलं, "अक्का, ही किती सिलिंडरची?" त्या म्हणाल्या, "जाऊ दे ना."

वर्षभराने सुहास जरा सावरला. पूर्ण नाही. पुण्याला एका ओळखीच्या माणसाच्या छोट्या कारखान्यात त्याला काम मिळालं. तिथे पाण्याचे पंप करायचे. ते फार आवाज करतात, अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती, आणि तो आवाज सुहासने घालवायचा होता. अक्का म्हणाल्या, "मीही जाते. एकट्याला कसं सोडू?" घर बंद केलं, किल्ली माझ्याकडे दिली. निघताना त्या ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या, सुहास मागे. गाडी हलली, तेव्हा त्यांनी मागे न बघताच हात मागे नेला आणि चाचपडत त्याचा गुडघा धरला. लहान मूल पडू नये म्हणून धरतात, तसा. चाळिशीतला माणूस. त्याने तो हात दूर केला नाही.

पुण्याहून त्या मधूनमधून फोन करायच्या. "कसं चाललंय?" विचारलं, की म्हणायच्या, "आज कामावर गेलता." किंवा, "आज नाही गेला." याच्यापलीकडे त्यांच्या आयुष्यात बातमीच उरली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात अक्कांना ताप आला, छातीत गेला, आणि त्या हॉस्पिटलमधून परत आल्या नाहीत. फोन सुहासने केला. "मावशी, आई गेली."

मी काहीबाही बोलले, जे सगळेच बोलतात. मग माझे शब्द संपले. शेवटी मी विचारलं, "जेवलास का रे?"

"नाही."

"मग थोडं काही खाऊन घे."

"हो."

तो तसाच फोन धरून राहिला, आणि मीही. कोणी आधी ठेवायचा, ते आम्हाला दोघांनाही कळेना.