विहिरीचा एक अंश

अहमदपूरच्या शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर मुलाकडे नांदेडला राहायला आलो आणि तीन महिन्यांतच बायको वैतागली. "दिवसभर फ्रीज उघडता नि झाकता," ती म्हणाली. "वर्गावर ओरडायची सवय आता माझ्यावर काढून राहिलात. बागेत म्हाताऱ्यांचं केंद्र आहे म्हणे, तिथं जाऊन बसा जरा."

केंद्र म्हणजे बागेच्या टोकाची एक लांबट खोली. आत दोन कॅरम, चार वर्तमानपत्रं, भिंतीला टेकवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. सोमवारी भजन, शुक्रवारी प्राणायाम, आणि बुधवारी 'ज्ञानवर्ग'. या ज्ञानवर्गात ज्याला जे येतं ते त्यानं सांगायचं. एस.टी.तून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरनं कंधारची बस पुरात अडकली तेव्हाची हकीकत सांगितली होती. सरकारी दवाखान्यात नोकरी केलेल्या नर्सबाईंनी, ज्यांना तिथं सगळे सिस्टरच म्हणत, घरच्या घरी रक्तदाब कसा मोजायचा ते दाखवलं होतं. मी विज्ञानाचा शिक्षक आहे हे कळल्यावर पुढचा बुधवार मलाच मिळाला.

मी 'विज्ञान आणि आपले जीवन' असा विषय घेतला आणि पाऊण तास बोललो. जानेवारीचं कोवळं ऊन खिडकीतून नेमकं खुर्च्यांवर पडत होतं. अर्धे लोक झोपले. कंडक्टर तर घोरत होते. शेवटी सवयीनं विचारलं, "काही शंका?" वर्गात विचारायचो तसंच, कुणी काही विचारणार नाही या भरवशावर.

मागच्या रांगेतून एक हात वर झाला. नऊवारी लुगड्यातल्या, काटक बांध्याच्या बाई. कंधारकडच्या एका गावातून मुलाच्या घरी आलेल्या, म्हणून केंद्रात त्यांना कंधारच्या मावशी म्हणत. जन्मभर शेती केलेल्या. त्या कधी काही बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"सर, एक इचारू का? हिरीचं पाणी थंडीत कोमट काहून असतंय?"

मला हायसं वाटलं. उत्तर सोपं होतं. मी म्हणालो, "मावशी, ते कोमट नसतं, कोमट लागतं. विहिरीचं पाणी वर्षभर सारखंच असतं. थंडीत बाहेरची हवा गार, आपला हात गार, म्हणून पाणी कोमट वाटतं. उन्हाळ्यात हात तापलेला, म्हणून तेच पाणी गार वाटतं."

मावशींनी थोडा विचार केला. "तुम्ही मोजलं का?"

"पुस्तकात आहे."

"हाव, पुस्तकात असल. पर तुम्ही मोजलं का?"

दोन-चार जण जागे झाले. कुणीतरी हसलं. मी म्हणालो, "पुढच्या बुधवारी दाखवतो."

घरी चालत येताना मला एक जुनी गोष्ट आठवली आणि चैन पडेना. एकदा नववीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, आरशात डावं-उजवं उलटतं, मग वरचं खाली काहून होत नाही? "हे परीक्षेला येत नाही, खाली बस," असं मी म्हणालो होतो. ती बसली. खरं तर उत्तर मलाच येत नव्हतं. मी ते नंतरही कधी शोधलं नाही, हे आत्ता, साठीत, नांदेडच्या रस्त्यावर ध्यानात आलं.

पुढच्या बुधवारी मी तीन घमेली मांडली. एकात सोसेल इतकं गरम पाणी, दुसऱ्यात रसवंतीवरून आणलेला बर्फ टाकलेलं पाणी, मधल्यात साधं. एक हात गरमात, एक गारात, दोन मिनिटं धरायचे आणि मग दोन्ही एकदम मधल्यात. एकच पाणी एका हाताला गार लागतं, दुसऱ्याला ऊन. हा प्रयोग मी शाळेत फळ्यावर चित्र काढून शिकवला होता, पाण्यात हात घालून कधीच नाही. केंद्रातल्या लोकांनी रांगा लावल्या. "अगं बाई!" "अरे, हे काय झालं!" कंडक्टरांनी तीनदा हात घातला. सिस्टर म्हणाल्या, "म्हणूनच कपाळाला हात लावून ताप ठरवू नका म्हणून मी जन्मभर सांगत आले."

मावशींनी हात पदराला पुसले. "हात खोटं बोलतात हे पटलं बघा. पर हिरीला तर आपण इचारलंच न्हाई."

मग विहिरीलाच विचारायचं ठरलं.

बागेच्या कोपऱ्यात जुनी विहीर आहे. वर लोखंडी जाळी, जाळीला छोटं झाकण. माळी तिच्यातलंच पाणी झाडांना देतो. ओळखीच्या दुकानातून मी प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर आणला. सिस्टरांनी तो हातात घेऊन सवयीनं झटकायला सुरुवात केली, तेव्हा मला ओरडावं लागलं. "हा तापाचा नाही, झटकायचा नाही!" एका बाटलीला कंडक्टरांनी फडकं गुंडाळलं, खाली दगड बांधला आणि दोरी लावली. माळ्यानं झाकण उघडलं. बाटली खोल सोडली, दहा मिनिटं ठेवली, वर ओढली आणि लगेच आत थर्मामीटर. मावशी तिसरी शिकलेल्या, पण आकडे त्यांना पक्के येत होते. त्यांनीच वाचला.

"सत्तावीस."

बाहेरची हवा त्या सकाळी चौदा होती. कंडक्टरांनी वहीत लिहिलं.

"आता उन्हाळ्यातही सत्तावीसच येईल," मी म्हणालो.

"बघू," मावशी म्हणाल्या.

मग दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी हा कार्यक्रम ठरून गेला. कॅरमवाले डाव अर्धा टाकून यायला लागले. जाळीभोवती पंधरावीस म्हातारी डोकी वाकलेली पाहून बागेत फिरायला आलेले लोक धास्तावून विचारत, "काय पडलं विहिरीत?" फेब्रुवारीत पारा सत्तावीसच्या किंचित खाली दिसला. मार्चमध्ये साडेसव्वीस. मी म्हणालो, एवढा फरक वाचण्यात होतो. एप्रिलमध्येही मी तसंच म्हणालो, पण आवाज जरा उतरला होता.

मे महिन्यात नांदेडचं ऊन काय असतं ते सांगायला नको. आम्ही सकाळी सातलाच जमलो, तरी जाळी तापायला लागली होती. बाटली वर आली. मावशींनी चष्मा सावरून पाहिलं, मग थर्मामीटर माझ्याकडे दिला.

"तुम्हीच वाचा सर."

सव्वीस.

जानेवारीपेक्षा एक अंश कमी. हात खोटं बोलतात हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं, पण इथं हाताचा प्रश्नच नव्हता. मी पुन्हा बाटली सोडायला लावली. पुन्हा सव्वीस. तिसऱ्यांदाही तेच.

"वर येता येता पाणी बदललं असल," कंडक्टर माझी बाजू घेत म्हणाले.

"बदललं तर उन्हानं तापेल ना," सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे खाली आणखीच गार असणार. आणि थंडीत ते वर येताना गार झालं असेल. फरक एक अंशापेक्षा जास्तच धरा."

त्या इतक्या सहज बोलल्या की मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. असा विचार मी करायला हवा होता.

मावशी काही जिंकल्यासारखं बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं बोलतील. त्या जाळीला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला माझंच खोटं वाटत हुतं बघा. माघात पहाटं गव्हाला पाणी धरायचो, तवा पाय पाटात घातला की ऊब लागायची. ती सोडून बाहीर यावंच वाटत नव्हतं. घरातले म्हणायचे, तुझ्या मनाचे खेळ हायेत. मलाबी वाटायचं, असतील." मग माझ्याकडे वळून, "पर काहून असल, सर?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. एवढ्या माणसांसमोर हे वाक्य मी पहिल्यांदाच म्हटलं असेन. आश्चर्य म्हणजे कुणाला त्याचं काहीच वाटलं नाही. "मग शोधा की," कंडक्टर म्हणाले.

माझा एक विद्यार्थी आता लातूरला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. त्याला फोन केला. तो आधी हसला, मग गंभीर झाला. आकडे विचारले, विहिरीची खोली विचारली, पाणी किती खाली आहे ते विचारलं. म्हणाला, "सर, ऊन जमिनीत मुरायला फार वेळ लागतो. वरची माती मेमध्ये तापते, पण ती ऊब पाच-सहा मीटर खाली पोचेपर्यंत दिवाळी उजाडते. थंडीचा गारवाही तसाच, खाली पोचायला उन्हाळा लागतो. म्हणून खोलात ऋतू उलटे असतात. फरक अगदी थोडा, पण असतो. तुमच्या विहिरीत नेमकं हेच होतंय की आणखी काही, हे वर्षभर मोजल्याशिवाय मी सांगणार नाही."

मला त्याचा अभिमान वाटला, आणि थोडी लाजही. वर्षभर सारखंच असतं, हे त्यालाही मीच शिकवलं होतं.

बुधवारी मी हे जसंच्या तसं सांगितलं. मातीचा ढीग करून, त्यात काडी खोचून दाखवायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. मावशींनी मात्र चटकन पकडलं.

"म्हंजी भुईला उशिरा कळतंय," त्या म्हणाल्या.

"हाव," मी म्हणालो.

त्या दिवसापासून ज्ञानवर्गात भाषणं बंद झाली. आता प्रश्नच असतात. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब लगेच न आटता पळत का सुटतो? माठाला बाहेरून पाणी सुटतं, स्टीलच्या घागरीला का नाही? सिस्टरांनी विचारलं, म्हाताऱ्या माणसाला ताप आला तरी अंग कधीकधी गारच का? त्याचं उत्तर द्यायला त्या स्वतःच एका डॉक्टरला घेऊन आल्या. काही प्रश्नांना उत्तरं मिळाली नाहीत. ते आम्ही वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवतो. ती पानं पुढच्या पानांपेक्षा जास्त झाली आहेत.

बायको एकदा बुधवारी बघायला म्हणून आली. आता दर बुधवारी येते. भात शिजताना झाकण का उडतं हे तिनं सगळ्यांना समजावलं. मी तिला इतकं मोकळं बोलताना पाहिलं नव्हतं, किंवा ऐकून घेतलं नव्हतं.

पावसाळ्यात मावशींचा गुडघा फार दुखायला लागला आणि लेक त्यांना लातूरला घेऊन गेली. जायच्या आधी त्या केंद्रात आल्या. सगळ्यांना पेढे दिले, मला म्हणाल्या, "वर्ष पुरं करा हां सर. मधी सोडू नका." मी म्हणालो, "तुम्ही नसताना कोण वाचणार?" त्या म्हणाल्या, "सिस्टर हायेत की. त्यांना फकस्त झटकू देऊ नका."

सप्टेंबरमध्ये पारा साडेसव्वीसवर आला. दिवाळीनंतर सत्तावीसच्याही थोडा वर. मी जाळीजवळूनच मावशींना फोन लावला. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोनच दिवस झाले होते.

"किती?" त्यांनी आधी तेच विचारलं.

मी आकडा सांगितला. त्यांनी तो एकदा स्वतःशी म्हटला. मग म्हणाल्या, "बरं झालं. आता मला सांगा, दवाखान्यात वरच्या मजल्यावर नळाचं पाणी सकाळी गार अन् दुपारी चटके देतंय, ते टाकीनं का नळानं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी इथल्या दवाखान्यातल्या सिस्टरला इचारलं तर त्या म्हणल्या आजी, पडून राहा," मावशी म्हणाल्या. "उद्यापासून चालायला लावून राहिलेत. मंग मीच वर टाकीपाशी जाऊन बघते."