पेवातला वास

त्या दुष्काळाच्या साली आमच्या घरात पाणी स्वयंपाकघरात राहायचं आणि गॅस माजघरात. टँकर आला की हाताला लागेल ते भरून घ्यायचं. ड्रम, हंडे, घागरी, तेलाचे डबे, सगळं ओट्याच्या खाली आणि बाजूला मांडलेलं. बाहेर ठेवलं तर पाणी उन्हानं तापायचं आणि कुणी उचलूनही न्यायचं. शेगडी ओट्यावर राहिली, पण गॅसच्या टाकीला जागा उरली नाही.

मग मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, टाकी भिंतीपलीकडे माजघरात नेली. घर जुनं, माळवदाचं, भिंती हातभर जाड. भिंतीला भोक पाडून नळी इकडे आणली. ती पुरेना, तेव्हा गावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा होता त्यानं दुसरा तुकडा जोडून वर तार आवळून दिली. जोड नेमका भिंतीच्या आत गेला. मालकांनी दोन्ही बाजूंनी माती लिंपली. तो मोटारवाला जाताना म्हणाला, "वहिनी, आता बघायचं काम न्हाई." मला तेच बरं वाटलं नाही. जे बघता येत नाही ते नीट आहे हे कळायचं कसं?

गॅस आमच्याकडे नवाच होता. मालक दूध सोसायटीत कामाला, त्या ओळखीनं तालुक्याच्या सहकारी एजन्सीतून मिळालेला. टाकी जोडायला आलेल्या मिस्त्रीनं अंगणात उभं राहून सगळं सांगितलं होतं. पुरुषमाणसं चहा पीत आपल्याच बोलण्यात होती. मी दाराआड होते. रोज शेगडी मीच पेटवणार, म्हणून मी शब्द न् शब्द ऐकला. वास आला तर टाकीचं बटण बंद करा, दारं उघडा, काडी ओढू नका, लाइटच्या बटणाला हात लावू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर जात नाही, खाली बसतो. नळीचं काम आमच्याशिवाय कुणाकडून करू नका. खाली बसतो हे माझ्या डोक्यात राहिलं, कारण आम्ही सगळे जमिनीवरच झोपायचो.

माजघरात टाकीपासून चार पावलांवर पेव होतं. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढं लहान, आत पोट मोठं. चांगल्या सालात ज्वारी भरून वर शिळा ठेवायची आणि मातीनं तोंड बंद करायचं. त्या साली भरायला काही नव्हतं. मागची ज्वारी आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, हाताला लागेल तेवढी काढून घेतली होती. उरलेली तळाला आणि कडेला होती. एवढ्यासाठी कोण लिंपत बसणार, म्हणून शिळा नुसती वर ठेवलेली.

थोड्या दिवसांनी मला माजघरात वास यायला लागला. वाकून झाडताना जास्त, उभं राहिलं की कमी. बाहेर झळा, म्हणून दारं दिवसभर लावलेली. आत्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आगं, पेवाचाच वास हाय त्यो. पेव उघडं पडलं की आसंच घाण येतं." त्यांनी जन्मभर पेव पाहिलेलं, मी बाहेरून आलेली. पण भाकरी थापताना लक्ष भिंतीकडे जायचं. मालकांच्या कानावर घातलं, तर ते सोसायटीच्या कामात, उद्या बघू म्हणाले. टाकीचं बटण मी बंद करायचे, आत्या चहाला उठल्या की चालू करून तसंच ठेवायच्या. दुसऱ्यांदा त्यांना वाकवत नव्हतं.

सासरे तेव्हा जनावरांबरोबर छावणीत राहायचे. मी त्यांना मामा म्हणते, म्हणजे मनात. समोर कधी बोललेच नव्हते. काही सांगायचं असलं तर आत्यांच्या तोंडून. एके दिवशी सकाळी ते घरी आले, ज्वारी संपत आली हे त्यांना कळलं होतं. तळाची काढतो म्हणाले.

पेवात उतरायची आमच्याकडे एक रीत आहे. आत हवा वाईट झालेली असते, माणूस उतरला की गुदमरतो. म्हणून आधी दोरीला बांधून पेटता कंदील सोडायचा. तेवत राहिला तर उतरायचं, विझला तर थांबायचं. मामांच्या वडिलांनी त्यांना तसं शिकवलं होतं आणि त्यांचं कधी चुकलं नव्हतं.

त्यांनी शिळा सरकवली. वास एकदम वर आला. "लई दम धरलाय पेवानं," असं म्हणत ते कंदिलाला दोरी बांधायला लागले. आत्यांनी मला काडेपेटी आणायला सांगितली.

मी काडेपेटी घेतली आणि उंबऱ्यात थांबले. तो वास मी ओळखला होता. शेगडीचं बटण फिरवून काडी उशिरा ओढली की येतो तोच. मिस्त्रीचं बोलणं आठवलं. मामांनी काच वर करून हात पुढे केला होता.

आत्या म्हणाल्या, "कावून थांबलीस? मूळ फुटलं का तितं?"

"मामा, काडी ओढू नका. पेवात गॅस हाय."

मामांनी मान वर केली. रागावले नाहीत. लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "आगं, आत काय आसंल तर कंदील इझंल. त्यासाठीच तर सोडायचा."

"इझणार न्हाई मामा. पेटंल."

मी मागं फिरले, अंगणात जाऊन काडेपेटी कुडापलीकडे फेकून दिली. येऊन टाकीचं बटण बंद केलं, दोन्ही दारं उघडली. आत्या मागून म्हणत होत्या, आता सून सासऱ्याला पेव शिकवणार. मामा मात्र वास घ्यायला पेवाच्या तोंडाशी वाकले होते. उठले तेव्हा भिंतीला धरून उठले. "बाहीर चला," एवढंच म्हणाले.

सोसायटीत निरोप गेला. दुपारी मालक एजन्सीच्या मिस्त्रीला घेऊन आले. त्यानं मोटरसायकल रस्त्यावरच बंद करायला लावली. साबणाचा फेस नळीला लावत लावत तो भिंतीपर्यंत गेला, माती उकरली, टाकी जराशी चालू केली, आणि जोडावर फेस उकळल्यासारखा फुगला. ते पाहून आत्या खाली बसल्या. मिस्त्रीनं नळी कापूनच टाकली. नळी भिंतीतून न्यायची नसते, जोडायची तर मुळीच नाही, एक अखंड तुकडा डोळ्यांसमोर पाहिजे, असं तो मालकांना म्हणाला. फारच लांब न्यायची तर तांब्याची लाइन, तीही एजन्सीनं टाकून तपासलेली. मग टाकी ओट्याजवळ आली आणि पाणी माजघरात गेलं. पेवाचं विचारलं तर तो म्हणाला की असलं भोक त्यानं कुठंच पाहिलं नव्हतं. उघडं ठेवा, वारा घाला, दिवा जवळ आणू नका.

मामांनी लिंबाचे डहाळे दोरीला बांधले आणि विहिरीतली हवा हलवतात तसे पेवात खालीवर केले. दुसऱ्या दिवशीही केले. वास गेला. मामा दोरी हातात धरून बसले होते. कंदील सोडायची आता त्यांना भीती, आणि कंदिलाशिवाय त्यांना कळायचं कसं? त्यांनी मला बोलावलं, आत्यांना न सांगता, सरळ.

"तू वास घी अन् सांग. उतरू का?"

मी वाकले. गॅसचा वास नव्हता. पण पेवातली जुनी वाईट हवा, जिच्यासाठी कंदील सोडायचे, तिला कुठं वास असतो? खाली ज्वारी दिसत नव्हती, पण होती. आत्या चाळणी घेऊन तयार बसल्या होत्या. घरची ज्वारी संपत आल्यापासून रेशनवरच्या लाल धान्याची भाकरी खावी लागे, ती कुणालाच गिळवत नव्हती. हो म्हणावं असं सगळ्यांच्या तोंडावर होतं.

"नगा उतरू," मी म्हणाले.

मामांनी शिळा ओढली. मालकांकडून माती भिजवून घेतली, त्या पाण्यावरूनही आत्या बोलल्या, आणि तोंड लिंपून ते छावणीला गेले. आत हवा चांगली होती की वाईट, मला आजही माहीत नाही. त्या उन्हाळ्यात आत्या माझ्या ताटात लाल भाकरी वाढायच्या, आणि मी ती खाली मान घालून खायचे.