एक मिनिट, सर

उजवा हात वर करायचा, तळवा पडद्याकडे धरायचा आणि म्हणायचं, "एक मिनिट, सर." रहदारीचा पोलीस गाड्या थांबवतो तसं नव्हे. पंगतीत वाढप्याला "आता पुरे" म्हणताना आपण जसा संकोचून हात आडवा धरतो, तसं.

वर्गातल्या पडद्यावर व्हिडिओतून शिकवणारे सर अर्थातच थांबायचे नाहीत. ते कुठल्याशा मोठ्या संस्थेच्या स्टुडिओत कधीच बोलून, निळा कोट काढून घरी गेलेले होते. थांबवायचं काम माझं. मॅडमचा हात वर गेला की मी स्पेसबार दाबायचो. मग मॅडम पडद्याकडे निरखून बघायच्या.

"अरे, तोंड उघडं राहिलं की त्यांचं. जरा पुढे घे. मिटलं की थांबव."

मी पुढे घ्यायचो. रेकॉर्डिंग असलं तरी एका शिक्षकाला असं जांभई दिल्यासारखं वर्गासमोर उभं ठेवणं त्यांना पटायचं नाही. "माणूस आहेत ते," त्या म्हणायच्या. मला मात्र ते सर शत्रू वाटायचे. का, ते सांगायचं तर आधी माझी थोडी बदनामी करावी लागेल.

माझे वडील नांदेडकडचे. नोकरीसाठी हैदराबादला आले. आमच्या भागात मराठी शाळा नव्हती, म्हणून त्यांनी मला घरीच वाचायला शिकवलं. पुस्तकं कमी, पत्रकं भरपूर. गावाकडे जयंतीला, सभेला गेले की पिशवी भरून पत्रकं आणायचे. इतर मुलं 'कमळ', 'बदक' वाचायला शिकली. मी 'जाहीर निषेध' वाचायला शिकलो. त्यामुळे आजही माझं मराठी आवाज चढवूनच सुरू होतं. आमटीत मीठ कमी पडलं तर मी आईकडे तीव्र नाराजी व्यक्त करतो. आई म्हणते, "व्यक्त करून झाली असेल तर मीठ घे."

अशा या क्रांतिकारकाला नोकरी कुठली मिळाली? नल्लकुंट्याच्या बाजूच्या एका खासगी कॉलेजात, ऑनलाइन कोर्स समन्वयकाची. मुलांची कोर्सला नावं नोंदवायची, त्यांनी विसरलेले पासवर्ड परत मिळवून द्यायचे आणि वर्गात प्रोजेक्टर लावायचा. ज्या यंत्राविरुद्ध लढायचं, त्याचंच बटण दाबण्याचा पगार मी घेत होतो.

मॅडम त्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायच्या. दरवर्षी नवा करार, दरवर्षी तेच टेबल. त्यांच्या कित्येक पिढ्या हैदराबादच्याच, त्यामुळे मराठीत 'हौ' आणि 'नै' सहज यायचं. मी तिथे लागलो त्याच वर्षी कॉलेजने ठरवलं की देशभरातली हजारो मुलं घरबसल्या जो मोफत ऑनलाइन कोर्स करतात, तोच आपल्या मुलांनीही करावा. क्रेडिट पदवीत धरले जातील, मग वर्गात वेगळं शिकवायला कशाला हवं? मॅडमना त्या वर्षापुरतं 'मेंटर' म्हणून ठेवलं. मेंटर म्हणजे काय, ते प्रिन्सिपल सरांनाही नीट सांगता आलं नाही. "बस, बैठना है, मॅडम," ते म्हणाले. "आगे का रिझल्ट देख के सोचेंगे."

मी तडक पत्रक लिहिलं. मथळा होता, 'पडद्यावरचे गुरू, चालते व्हा!' कोठी भागातल्या एका छापखान्यात भला मोठा गठ्ठा छापून घेतला आणि कॉलेजच्या दारात उभा राहून वाटला. मुलं तेलुगू किंवा उर्दू बोलणारी. मराठी घरातली होती थोडी, पण त्यांचं मराठी आईशी बोलण्यापुरतं, कागदावर कधी न उतरलेलं. शबाना नावाच्या मुलीने पत्रक उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "सर, ये हिंदी ऐसी कायकू है?"

अख्ख्या कॉलेजात ते पत्रक दोघांनी पूर्ण वाचलं. एक मी. दुसऱ्या मॅडम. सूचनाफलकापाशी उभ्या राहून, चष्मा वर-खाली करत त्यांनी ते शेवटच्या 'इन्किलाब'पर्यंत वाचलं.

"जोरदार आहे रे," त्या म्हणाल्या. मी फुललो.

"मागची बाजू कोरी आहे ना? उरलेली सगळी दे."

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रत्येकापुढे माझं पत्रक होतं, पालथं. पडद्यावरच्या सरांची एक सवय होती. एखादा मुद्दा संपला की ते हसून विचारायचे, "एनी क्वेश्चन्स?" मग दोन क्षण थांबायचे, "गुड," म्हणायचे आणि पुढे जायचे. जगातल्या कुठल्याही मुलाला त्या दोन क्षणांत शंका विचारता येणार नाही, यावरच मी पत्रकात अर्धा रकाना खर्ची घातला होता. मॅडमनी त्याच दोन क्षणांत हात वर केला.

"एक मिनिट, सर." मग मुलांकडे वळून म्हणाल्या, "सर इत्ते प्यार से पूछ रैं. जवाब देना कि नै? जो समझ में नै आया, लिखो."

मुलं माझ्या पत्रकांच्या पाठीवर लिहू लागली. माझी पत्रकं इतकी कधीच खपली नव्हती. महिन्याभराने मॅडम म्हणाल्या, "पुढचा मोर्चा कधी काढतोस? कागद संपत आलाय."

एकदा सर सांगत होते की कॉफी महागली तर लोक चहाकडे वळतात. हात वर गेला. मी थांबवलं, तोंड मिटेपर्यंत पुढे घेतलं.

"मॅडम," शबाना म्हणाली, "इरानी चाय छोड़ को कॉफी कौन पीता?"

"कोई नै पीता. अच्छा, चाय महँगी हुई तो क्या करते?"

"पीते. गालियाँ दे को पीते."

"बस. सर आगे इसीच कू इनइलास्टिक डिमांड बोलते." वर्ग हसला. मॅडम पडद्याकडे वळल्या. "चलिए, सर."

तुम्ही म्हणाल, मग शिकवत होतं कोण? हाच प्रश्न मी मॅडमना तावातावाने विचारला होता. त्या म्हणाल्या, "दोघं. ते शिकवतात छान. ऐकू येत नाही बिचाऱ्यांना, एवढंच."

त्या स्वतःही त्या कोर्सला नाव नोंदवून बसल्या होत्या. आदल्या संध्याकाळी पुढचा भाग घरी बघायच्या, स्वाध्याय करायच्या, चर्चेच्या पानावर मुलांच्या शंका इंग्रजीत लिहून पाठवायच्या. एकदा तिकडच्या कुणा साहाय्यकाचं उत्तर आलं: 'गुड क्वेश्चन, मॅडम.' एवढंच. दिवसभर त्यांनी ते ज्याला त्याला दाखवलं.

"पण उत्तर कुठे आहे?" मी.

"येईल की. प्रश्न चांगला आहे असं कबूल केलंय त्यांनी."

कोर्स तर मीही बरेच घेतले होते, शत्रूचा अभ्यास म्हणून. एकही पहिल्या आठवड्यापलीकडे गेला नव्हता. अर्धवट सोडलेल्या कोर्सला मी बहिष्कार म्हणत असे. एकदा मॅडमनी मागून माझ्या कॉम्प्युटरवर नजर टाकली. "अगोबाई, जपानी भाषेवर पण बहिष्कार? त्यांनी काय केलं रे तुझं?"

परीक्षा जवळ आली तशी माझी झोप उडाली. हिशेब सरळ होता, आणि तो एकट्या मलाच दिसतोय या समजुतीत मी एक दिवस स्टाफरूममध्ये त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"मॅडम, हे सगळं—"

"पहिले चहा पी. इन्किलाब नंतर." हे त्यांचं नेहमीचं. कपातला अर्धा चहा बशीत ओतून त्यांनी कप माझ्याकडे सरकवला.

मी चहाला हात न लावता बोलत सुटलो. "तुम्ही शिकवणं बंद करा. मेंटर आहात ना? नुसतं बसा. व्हिडिओ चालू दे. मुलं आपटतील, निकाल कोसळेल. मग कॉलेजला कळेल की नुसत्या पडद्याने वर्ग चालत नाही. झक मारत तुम्हाला परत बोलावतील. आणि मुलं पास झाली, तर यश पडद्याचं आणि तुम्ही घरी."

मॅडमनी बशीतला चहा संपवला. "हौ. हिशेब बरोबर आहे तुझा."

"मग?"

"कुणाला आपटू द्यायचं? नाव सांग."

"नाव म्हणजे... हा तत्त्वाचा प्रश्न आहे, मॅडम."

"पण परीक्षेला तत्त्व बसत नै ना. शबाना बसते. तिला पुढे शिकवायचं की नाही, ते तिचे अब्बा या निकालावर ठरवणार आहेत. तिला आपटू दे?"

"शबाना सोडून," मी म्हणालो.

"बरं. मग कोण?"

मी मनातल्या मनात वर्गात शिरलो. पहिल्या बाकापासून सुरुवात केली. त्या बाकावरचा मुलगा लाजून शंका कधी बोलायचा नाही, पण माझ्या पत्रकाची पाठ पूर्ण भरायचा. त्याला सोडलं. पुढचा बाक. तोही सोडला. लढ्यात काही बळी द्यावेच लागतात, हे मी निदान तीन पत्रकांत लिहिलेलं होतं, पण तिथे बळींना चेहरे नव्हते. शेवटच्या बाकापर्यंत पोचलो तेव्हा माझ्यापुढच्या चहावर साय धरली होती.

"पी आता," मॅडम म्हणाल्या. "गार झाला."

निकाल उत्तम लागला. गेटवर भला मोठा फ्लेक्स चढला. मधोमध प्रिन्सिपल सर, बाजूला निळ्या कोटातले पडद्यावरचे सर, खाली मुलांची रांग, वर इंग्रजीत ऑनलाइन शिक्षणाचा जयजयकार. मॅडम कुठेच नाहीत. मी मुठी आवळून उभा होतो. मॅडमनी मान वर करून तो नीट पाहिला.

"चांगला फोटो निवडलाय सरांचा," त्या म्हणाल्या. "तोंड मिटलेलं आहे."

प्रिन्सिपल सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. मनापासून खूश होता. "मॅडम, क्या रिझल्ट है! व्हिडिओने कमाल कर दिया. अब अगले साल आप को तकलीफ देने की जरूरत नै."

मी उभा राहिलो. "सर, मैं इसका जाहीर—"

मॅडमचा हात वर गेला. तळवा माझ्याकडे. "एक मिनिट."

मी थांबलो. स्पेसबार न दाबता त्या हाताने थांबलेला मी पहिलाच.

"सर," मॅडम प्रिन्सिपलना म्हणाल्या, "प्रोजेक्टर का बल्ब मंद हो गया. बदलवा दीजिए. पीछे के बच्चों को नै दिखता." आणि नमस्कार करून त्या बाहेर पडल्या.

जिन्यावर त्या मधेच थांबल्या, कठडा धरून. मला वाटलं दम लागला. पण त्या वरच्या वर्गाकडे बघत होत्या. "दुसरा भाग अवघड आहे रे कोर्सचा," म्हणाल्या, "व्याजदर वगैरे. सर भराभरा जातात तिथे." मग पदर सावरून खाली उतरल्या.

त्या रात्री मी आयुष्यातलं सर्वांत जळजळीत पत्रक लिहिलं. 'ज्ञानाचा खून' हा त्यातला सौम्य शब्द. सकाळी ते घेऊन नल्लकुंट्यात त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दारातच उभ्याने, चष्मा वर-खाली करत शेवटपर्यंत वाचलं.

"जोरदार आहे. माझं नाव काढ." कागद परत देता देता थबकल्या. "आणि मागची बाजू कोरी ठेव."

मॅडम आता मुलीकडे बंगळुरूला असतात. मी फोनवर प्रस्थापितांविरुद्ध बोलायला लागलो की तिकडून विचारतात, "चहा पिला का?"

या सत्रात त्या कोर्सचा दुसरा भाग सुरू झाला. वर्गात तीच मुलं, शबाना पहिल्या बाकावर. मेंटर कुणी नाही. प्रोजेक्टर लावायला मी. बल्ब मात्र बदललाय. सर आता शेवटच्या बाकावरूनही लख्ख दिसतात. परवा ते व्याजदरावर बोलत होते, भराभरा. मुद्दा संपला. हसले. "एनी क्वेश्चन्स?"

माझा हात आपोआप वर गेला. दुसऱ्या हाताने मी स्पेसबार दाबला.

मुलांच्या हातात माझी पत्रकं होती, पालथी, लिहून भरलेली. सगळे माझ्याकडे बघत होते. 'थांबवा' हा शब्द मी आजवर किती मथळ्यांत वापरलाय, त्याची गणती नाही. थांबवल्यानंतर काय करायचं, ते एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

शबाना वाट बघून बघून म्हणाली, "सर, रोक को तो दिये. अब कुच बोलो ना."

पडद्यावर सर तोंड उघडं ठेवून थांबले होते. मीही.